बोर्डिंगमधून हाकललेल्या पोराने हजारो पोरांसाठी बोर्डिंग कशी काढली? कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट

बारामती तालुक्याचे दोन भाग आहेत, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या अंगाला ऊस, आणि कऱ्हाटी, सुपे, मोरगाव या बाजूला जिरायत. इंदापुरातही कालव्याचं पाणी पोचतं ती गावं वेगळी आणि पोचत नाही ती वेगळी.

आता अशा जिरायत गावातला दहावीचा एखादा पोरगा घ्या. दिवाळीनंतर तो शाळेत यायचा बंद होतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजर लागत जातं. खरं कारण काहीही असू शकतं. घरात पैसा नाही, बापाची दारू, इंग्रजीची भीती, कुणीतरी जातीवरून काढलेला चिमटा, किंवा नुसतं एकटेपण. हे कारण शोधून काढायचं, त्यावर मार्ग शोधायचा आणि पोराला परत बाकावर आणून बसवायचं, हे काम कुणाचं?

आजच्या भाषेत याचं उत्तर आहे समुपदेशक, म्हणजे शाळेतला काउन्सिलर. अभ्यासात कुठं अडलंय, पुढं कोणती लाईन घ्यायची, घरी काय चाललंय, मनात काय चाललंय, असं सगळं बघणारा माणूस. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा असं सांगितलंय. पण खेड्यातल्या बऱ्याच शाळांमध्ये हे काम अजूनही वर्गशिक्षक नाहीतर होस्टेलचे रेक्टर जमेल तसं करतात.

बारामतीवरून नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने हेच काम केलं. त्याच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. पदवी कुठलीच नव्हती, कारण गडी इंग्रजी सहावीतच अडकला होता.

नाव भाऊराव पायगोंडा पाटील. पोरं त्यांना अण्णा म्हणायची, महाराष्ट्र कर्मवीर म्हणतो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराणं जैन, मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे बदल्या ठरलेल्या आणि पोराची शाळाही बदलत राहिलेली. अभ्यासात भाऊराव फार चमकले असं कुणीच म्हणत नाही. कुस्ती, पोहणं, उनाडक्या यात मात्र पुढे. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून लहानपणी त्यांनी विहिरीचा रहाट मोडून विहिरीतच टाकून दिला, असा किस्सा त्यांच्याबद्दल हमखास सांगितला जातो.

पुढे हायस्कूलसाठी ते कोल्हापूरला आले. राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातलं आणि राहायची सोय झाली जैन बोर्डिंगमध्ये. बोर्डिंगचे सुपरिटेंडेंट होते अण्णासाहेब लठ्ठे. शिकलेले, शिस्तीचे आणि कोल्हापुरात वजन असलेले गृहस्थ.

१९०८ साली कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं की आधी आंघोळ करायची, मग जेवणघरात पाऊल टाकायचं. भाऊरावांनी आंघोळ करायला नकार दिला. वाद वाढला आणि त्यांना बोर्डिंगमधून काढून टाकण्यात आलं.

परगावी शिकणाऱ्या पोराच्या डोक्यावरचं छप्पर गेलं की काय होतं, हे इथं भाऊरावांना कळलं. त्यांचं नशीब एवढंच की शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. सगळ्यांनाच असा राजा भेटत नाही.

अभ्यासाचं गाडं मात्र काही पुढं सरकलं नाही. गणित कच्चं होतं. महाराजांनी पोराला वरच्या वर्गात घालायला सुचवलं आणि गणिताच्या मास्तरांनी साफ नाही म्हणून सांगितलं, असंही सांगतात. एकदा पुढं ढकलायचं झालं तर तो बसतो ते बाक ढकलीन पण त्याला नाही, अशा अर्थाचं त्या मास्तरांचं उत्तर होतं म्हणे. किस्सा खरा असो की रंगवलेला, भाऊराव मॅट्रिकपर्यंत पोचले नाहीत हे खरं. गणितात मागे, शिस्तीत बसत नाही, होस्टेलमधून काढलेला. आजच्या शाळेत समुपदेशकाकडे सगळ्यात आधी ज्याला पाठवतील असा हा विद्यार्थी.

यानंतरचा एक भाग जयंतीच्या भाषणांत सहसा गाळला जातो.

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातल्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. संशय लठ्ठ्यांवर घेतला गेला. भाऊरावांवर दबाव आला की लठ्ठ्यांच्या विरोधात खोटी साक्ष द्या. म्हणजे ज्या माणसाने बोर्डिंगबाहेर काढलं, त्याचा हिशोब चुकता करायची आयती संधी चालून आली होती. भाऊरावांनी साक्ष द्यायला नकार दिला. त्याबद्दल तुरुंग आणि मारहाण सोसली. त्या दिवसांत त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवायचा प्रयत्नही केला. पहाडासारखा धिप्पाड माणूस, पण तोही त्या टोकाला पोचला होता. ते वाचले, सुटले आणि पुढे ४५ वर्षं जगले.

(तुमच्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या डोक्यात असे विचार येत असतील तर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मोफत बोलता येतं. मराठीतूनही.)

सुटल्यावर पोटापाण्याचं बघायचं होतं. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. ओगले काच कारखान्याचा माल विकला. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. कूपर यांच्या कारखान्यातही काम केलं, पण शिक्षणासाठी पैसा द्यायच्या शब्दावरून तिथं बिनसलं आणि ते बाहेर पडले.

यातली नांगर विकायची नोकरी महत्त्वाची. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या बांधावर जावं लागतं, त्याच्या ओसरीवर बसावं लागतं. भाऊराव गावोगाव हिंडले. पोरं शाळेत का जात नाहीत याची कारणं त्यांना घराघरात बसून ऐकायला मिळाली. गावात शाळा चौथीपर्यंत, हायस्कूल तालुक्याला. तिथं राहायचं कुठं? खायचं काय? आणि जात खालची असेल तर दारात तरी कोण उभं करणार? हुशार पोरं याच तीन प्रश्नांवर गळत होती.

याच काळातला एक मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. अस्पृश्य म्हणून शाळेत वर्गाच्या बाहेर बसून शिकणारा. भाऊरावांनी त्याला हेरलं, घरी आणलं, जेवू घातलं आणि कोल्हापूरला नेऊन त्याच्या शिक्षणाची सोय लावली. हेच घोलप पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या मूकनायकच्या कामात होते आणि मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले.

एका पोराचं जमलं. प्रश्न उरला बाकीच्यांचा.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढायचं ठरवलं. तिथंच बोर्डिंग सुरू झालं. गंमत बघा, शिक्षणसंस्था म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी वर्ग येतो, फळा येतो. रयतेची सुरुवात मात्र झोपायच्या जागेपासून आणि भाकरीपासून झाली. शाळा दुसऱ्याच्या असल्या तरी चालतील, पोराला शाळेच्या जवळ राहता आलं पाहिजे, एवढाच तो हिशोब होता.

१९२४ साली संस्था साताऱ्याला आली. तिथलं बोर्डिंग धनणीच्या बागेत भरलं. १९२७ साली गांधीजी साताऱ्यात आले, तेव्हा त्यांच्या हस्ते त्याचं नामकरण झालं, छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस.

मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी, सगळी पोरं एका छपराखाली. त्या काळात जातवार बोर्डिंगची पद्धत होती. शाहू महाराजांनीसुद्धा वेगवेगळ्या जातींसाठी वेगवेगळी वसतिगृहं काढली, कारण त्याशिवाय पालक पोरं पाठवायला तयारच नव्हते. भाऊरावांनी ती पायरी ओलांडली. इथं चूल एक, पंगत एक. स्वयंपाकाची पाळी सगळ्यांची. ज्याच्या हातचं पाणी गावात चालत नाही त्याच्या हातची भाकरी इथं सगळे खायचे.

नव्या आलेल्या पोराला हे सोपं जात नसणार. आईने शिकवलेलं एक आणि इथं दिसतंय भलतंच. पण दळण, पाणी, सरपण, भाजीचा मळा अशी कामं पाळीने वाटून दिली की पोरं एकमेकांच्या सोबतीला येतात. एकाला ताप आला तर त्याची पाळी दुसरा करतो. अण्णांनी समतेवर व्याख्यानं दिली असतीलही, पण खरी मात्रा या पाळीची होती.

आणि धान्य यायचं कुठून? तर मुष्टिफंडातून. गावातल्या बायकांनी रोज दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढायचं. त्या मुठी गोळा करून पोती भरायची आणि पोती बोर्डिंगला यायची. यात पैसा वाचला हे झालंच. पण जिने रोज मूठ काढून ठेवली, तिला बोर्डिंगमधलं पोरगं परकं राहिलं नाही.

या सगळ्यात एक नाव नेहमी दुसऱ्या ओळीत येतं. लक्ष्मीबाई.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सुखवस्तू, कर्मठ जैन घरातल्या. माहेरहून भरपूर सोनं घेऊन आलेल्या. सुरुवातीला सोवळंओवळं पाळणाऱ्या. त्यांच्या घरात एकदम सगळ्या जातींची पोरं येऊन जेवायला लागली, तेव्हा त्यांच्या मनाची काय ओढाताण झाली असेल याचा विचार कुणी फारसा करत नाही. पण त्या बदलल्या. बोर्डिंगमधल्या पोरांची दुखणीखुपणी त्यांनी काढली, त्यांना न्हाऊमाखू घातलं. घर आठवून रडणाऱ्या लहान पोराला सांभाळणं हे काम शिस्तीच्या माणसाकडून होत नाही. अण्णांचा धाक होता, मायेची बाजू लक्ष्मीबाईंनी धरली.

धान्य संपलं की एकेक दागिना जाऊ लागला. अण्णा फिरतीवर असताना एकदा पोरांना घालायला काहीच उरलं नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते आणि ती अण्णांच्या त्यागाची म्हणून ऐकलेली असते. सोनं लक्ष्मीबाईंचं होतं, हे नीट सांगायला हवं. १९३० साली त्या गेल्या. बोर्डिंगचं झाड मोठं झालेलं त्यांना बघायला मिळालं नाही.

अण्णा कडक होते यात शंका नाही. कामचुकारपणा, उधळेपणा त्यांना खपत नसे. आजचा समुपदेशक ज्या मऊ आवाजात बोलतो तसं ते बोलले असतील याची शक्यता कमी. आणि पोराच्या खाजगी गोष्टी गुप्त ठेवायच्या वगैरे नियम त्या काळात कुठून असणार? तरी पोरं टिकली. पोरगा कुठल्या गावचा, घरी कोण, शिकून काय करणार, हे विचारणारं कुणीतरी तिथं होतं, आणि विचारून झाल्यावर त्याची सोयही लावली जात होती.

१९३२ साली पुणे करार झाला. त्याची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं. तिथंही स्पृश्य आणि अस्पृश्य विद्यार्थी एकत्र. खेड्यातून पुण्यात कॉलेजला येणाऱ्या गरीब पोराला खोली भाड्याने घेणं तेव्हाही परवडत नव्हतं, आणि जात विचारून खोली नाकारणारे तर होतेच.

आतापर्यंत राहण्याखाण्याचा प्रश्न बराचसा सुटला होता. पुढचा प्रश्न होता शिकवणाऱ्याचा. खेड्यात जायला मास्तर तयार नसत, आणि गेले तरी त्यांना त्या पोरांची भाषा कळत नसे. म्हणून १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. खेड्यातल्याच पोरांना मास्तर करून खेड्यात परत पाठवायचं, ही कल्पना. त्यांच्या जोरावर पुढच्या काही वर्षांत डोंगराळ, आडबाजूच्या गावांत पाचशेहून जास्त व्हॉलंटरी शाळा उघडल्या गेल्या. ज्याने स्वतः दुष्काळात शाळा सोडायची वेळ बघितलीय, त्या मास्तरला गैरहजर पोराच्या घरी जायला कुणी सांगावं लागत नाही.

मग १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल. फी नाही, राहायची सोय, आणि त्याबदल्यात काम. कमवा आणि शिका हे नाव आज कॉलेजच्या नोटीस बोर्डवर एका ओळीत दिसतं, तेव्हा ते अंग मोडून करायचं काम होतं. पोरांनी शेती केली, बांधकामावर राबली. घाम गाळायचा आणि त्याच हाताने पुस्तक धरायचं.

यात अण्णांचा एक बारीक विचार होता. फुकट शिकणाऱ्या पोराला वर्गात मान खाली घालून बसावं लागतं. नादारी मिळालेल्या पोराचं नाव सगळ्यांसमोर वाचलं जातं तेव्हा त्याला काय वाटतं, हे ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. कामाच्या बदल्यात शिक्षण म्हटलं की ती लाज गेली. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला संकोचणारी पोरं आजही प्रत्येक शाळेत असतात, त्यामुळे हा मुद्दा जुना झालेला नाही.

अर्थात या योजनेची दुसरी बाजूही आहे. दिवसभर राबून संध्याकाळी पुस्तक उघडणं प्रत्येकाला झेपत नाही. ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याला अभ्यासासाठी पूर्ण दिवस मिळतो आणि गरीबाला उरलेला. पण तेव्हा पर्याय शाळा सोडण्याचाच होता.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. मोठी देणगी देतो, पण नाव बदला, असा प्रस्ताव आला तेव्हा अण्णांनी तो धुडकावला, हा किस्सा साताऱ्यात अजून रंगवून सांगतात. १९४८ साली गांधीजींची हत्या झाली आणि त्यांच्या नावाने १०१ हायस्कूलं काढायचा संकल्प अण्णांनी सोडला. त्याच सुमारास सरकारशी वाजलं आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारने संस्थेचं अनुदान बंद केलं. शाळा चालवायला पैसा नाही अशी वेळ आली. शेवटी गाडगे महाराज मध्ये पडले आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. कराडच्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव आहे, त्यामागे हे नातं आहे.

या बोर्डिंगमधून काय निघालं याचं एक उदाहरण पी. जी. पाटलांचं. खेड्यातला गरीब पोरगा, अण्णांकडे राहून शिकला, इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला. बॅरिस्टर झाल्यावर मुंबईत वकिली करून बक्कळ कमावता आलं असतं. तो परत रयतेत आला, पोरांना शिकवलं, पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि अण्णांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. कुलगुरू झालेले एकच, पण तलाठी, मास्तर, फौजदार, ग्रामसेवक होऊन घरातली पहिली पगाराची नोकरी लागलेले किती, त्यांची नावं चरित्रात येत नाहीत.

आज रयत शिक्षण संस्थेच्या सातशेहून जास्त शाखा आहेत. बारामतीचे शरद पवार अनेक वर्षं तिचे अध्यक्ष आहेत. पश्चिम महाराष्ट्रात घरटी विचारलं तर कुणी ना कुणी रयतेत शिकलेलं निघतं.

१९५९ हे अण्णांचं शेवटचं वर्ष. त्या वर्षी त्यांना पद्मभूषण जाहीर झालं. एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. गणितात अडकून इंग्रजी सहावीत राहिलेला पोरगा सत्तरी ओलांडल्यावर डॉक्टर झाला. ती पदवी त्यांनी महिनाभरच वापरली असेल. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. समाधी साताऱ्यात आहे, संस्थेच्या आवारात, पोरांच्या वर्दळीत.